सातव्या प्रकरणाची आठ पानं

बाइंडरने एकोणनव्वदाव्या पानावर स्टीलची फूटपट्टी दाबून धरली, पात्याचं टोक समासात टेकवलं आणि एका दमात वरून खाली ओढलं. पान सुटून हातात आलं. कण्याला बोटभर रुंदीची कागदाची पट्टी तेवढी राहिली. तिच्यावरून त्याने अंगठा फिरवला, शिलाईचा दोरा ओढून पाहिला आणि पुस्तक उलटं धरून झटकलं. काही गळलं नाही.

“ही पट्टी कशाला ठेवली?” शाळेतल्या भाषेच्या सरांनी विचारलं. ते समोर स्टुलावर बसले होते. बसण्याआधी त्यांनी स्टुलावर रुमाल अंथरला होता.

“पानं जोडीजोडीने असतात, सर. एकाच कागदाची घडी असते ना. हे मुळापासून कापलं की याच्या जोडीचं सत्त्याऐंशीचं पान मोकळं होतं. आज नाही तर चार दिवसांनी गळतंच. पट्टी ठेवली की ते जागचं हलत नाही.”

“म्हणजे कायमचं काम.”

“माझ्या हातचं पुस्तक आजवर उसवलेलं नाही, सर.”

आयुष्यात त्याने एवढी एकच बढाई मारली होती आणि ती खरी होती. एरवी तो नाकासमोर चालणारा माणूस. या शहरात त्याच्या रंगाची माणसं बोटांवर मोजण्याइतकी. आजोबांना कधी काळी बंदराच्या भरावावर राबायला बोटीत भरून आणलेलं, तेव्हापासून हे लोक इथलेच. पण इथले आहेत हे त्यांना दर दोन-चार वर्षांनी कुणाला तरी नव्याने समजावून सांगावं लागायचं. बाइंडर ते कधीच सांगत बसला नाही. त्याने काम उत्तम करायचं आणि नजरेत भरायचं नाही, असं ठरवून टाकलं होतं.

“तुमचं एक बरं आहे,” सर त्याच्या हातांकडे पाहून म्हणाले, “कितीही शाई लागली तरी दिसत नाही.”

बाइंडर हसला. अशा वेळी तो समोरच्याच्याही आधी हसायचा. मग समोरच्याला अवघड वाटत नाही.

एकशे चाळीस प्रती होत्या. नव्वद वर्षांपूर्वीची कादंबरी, एका बंगलेवाल्या घराण्याची. शाळेत तीन पिढ्या शिकवली गेलेली, बाजारात आता न मिळणारी, म्हणून शाळा आपल्या प्रती जिवापाड जपत होती. वर्गातल्या कपाटात ठेवायची, तासापुरती मुलांच्या हातात द्यायची, तास संपला की मोजून परत घ्यायची. यंदा त्यातलं सातवं प्रकरण काढून टाकायचं ठरलं होतं. एकोणनव्वद ते एकशे चार, म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेली आठ पानं. जमलंच तर कव्हरांचं जुनं कापडही बदलून द्यायचं.

“दोन महिने समिती बसली हो,” सर सांगू लागले. हा किस्सा त्यांनी बऱ्याच जणांना सांगितलेला असावा, कारण थांबायचं कुठे ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. “अर्धे म्हणाले, भाषेचा दागिना आहे, एका अक्षराला हात लावू देणार नाही. अर्धे म्हणाले, सगळंच पुस्तक फेकून द्या. मी विचारलं, तुमच्यापैकी वाचलंय किती जणांनी? तर एकदम शांतता. शेवटी मीच मधला मार्ग काढला. तेवढं प्रकरण काढा, पुस्तक ठेवा. कुणाचं मन दुखायला नको आणि अभिजात साहित्यही राहिलं.”

“त्या प्रकरणात काय आहे, सर?”

“अहो, एक दरवान आहे. काळा. पाहुणे जेवणानंतर त्याला कविता म्हणायला लावतात, तो चुकतो, सगळे हसतात. तो काळच तसा होता. लेखकाचा दरवानावर फार जीव आहे, हं.” सरांनी घड्याळ पाहिलं. “आणि मीच सुचवलं, काम तुमच्याकडेच द्या म्हणून. तुमच्याच हातून झालं तर तुम्हालाही समाधान. शेवटी तक्रार तुमच्याच मुलीची ना.”

पातं बाइंडरच्या हातात होतं. ते त्याने जपून खाली ठेवलं.

बाइंडरला यातलं काहीच माहीत नव्हतं. बबी चौदा वर्षांची, अभ्यासात बरी, बोलायला कमी. तिने शाळेत तक्रार केली, त्यावर समिती बसली, दोन महिने मोठमोठी माणसं तिच्यावरून भांडली, आणि बापाला वाटत होतं की मुलगी हल्ली जेवत नाही ती परीक्षेच्या धास्तीने. अभिमान वाटायला हवा होता असं पुढे त्याला वाटलं, पण त्या घटकेला वाटली ती निव्वळ भीती. आपण एवढी वर्षं मान खाली घालून जे सांभाळलं, ते पोरीने एका कागदाने उघड्यावर आणलं.

“लहान आहे, सर,” तो म्हणाला. “चुकलं तिचं.”

“छे छे, चुकलं कसं? हक्कच आहे तिचा,” सर म्हणाले आणि रुमाल झटकून उठले. “कापलेली पानं मात्र रद्दीत देऊ नका. कुणाच्या तरी हाती लागायची आणि पुन्हा नवा घोळ. त्यांचं तुम्ही काय ते बघा.”

संध्याकाळी बबी शाळेतून आली तेव्हा तिची आई स्वयंपाकघराच्या दारात बसून नव्या कव्हरांचं कापड मापाने कापत होती. बाइंडरने आडवळणाने विचारायचं ठरवलं होतं. ते काही जमलं नाही.

“तू शाळेत तक्रार केलीस?”

बबीने दप्तर खाली ठेवलं.

“मी तक्रार नव्हती केली. मी कागद दिला होता.”

“कसला कागद?”

तिने सांगितलं. सर वर्गात एकेका मुलाकडून एकेक पान वाचून घेतात, बाकांच्या क्रमाने. क्रम मोडत नाहीत. माझ्या वर्गात सगळे सारखे, असं ते नेहमी म्हणतात. सातवं प्रकरण सुरू झालं तेव्हा वर्गातल्या प्रत्येकाने बाकं आणि पानं मोजली. बबीनेही मोजली. तिच्या वाट्याला सत्त्याण्णवावं पान येत होतं, ते साधंच होतं, बागेचं वर्णन. पण त्या दिवशी पुढच्या बाकावरची दोन मुलं आली नव्हती. पान सरकलं आणि पंच्याण्णवावं तिच्याकडे आलं.

“मग?”

“मग वाचलं. कुठे अडखळले नाही.”

“पोरं हसली?”

“हसली.” तिने वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं. “वाचून झाल्यावर मी हात वर केला. मला विचारायचं होतं. सर म्हणाले, वेळ संपली. म्हणून मी प्रश्न कागदावर लिहिले आणि मुख्याध्यापक बाईंना नेऊन दिले. वर्गात पंधरा मिनिटं द्या, एवढंच लिहिलं होतं. ऑफिसात त्याच्यावर ‘तक्रार’ असा शिक्का मारला. दुसऱ्या दिवशी सगळी पुस्तकं गोळा करून नेली. मला कुणी काही विचारलंच नाही.”

“काय प्रश्न होते?” आईने कापडावरची नजर न उचलता विचारलं.

“पाहुणे हसले, तेव्हा दरवानही हसला असं लिहिलंय. तो का हसला? घरी गेल्यावर त्याने बायकोला काय सांगितलं? आणि लेखकाला त्याच्या मनातलं कसं कळलं, त्याने त्याला विचारलं होतं का?”

बाइंडरला सकाळचं स्वतःचं हसू आठवलं. त्याचा राग त्याने पोरीवर काढला.

“कुणी सांगितले होते हे उपद्व्याप? शाळेत शिकायला पाठवतो का वकिली करायला? इतके दिवस कुणाच्या अध्यात ना मध्यात होतो आपण. आता दहावी होईपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही.”

“अहो, ओरडता कशाला?” आई म्हणाली. “कापतायत ना ते? मग झालं तर. ब्याद गेली. बबी, तू जेव.”

“मी कापा म्हटलं नव्हतं,” बबी म्हणाली. पण तोवर आईने ताट वाढलं होतं आणि त्या घरात वाढलेल्या ताटापुढे कुणी वाद घालत नसे.

नऊ दिवस त्याने ते काम केलं, आणि असं केलं की पाहणाऱ्याने पाहत राहावं. पोरीने केलेला आगाऊपणा कामाने भरून काढायचा, असाच काहीसा त्याचा हिशोब होता. जुने पुठ्ठे मऊ पडले होते, कोपरे मुडपले होते. नवे पुठ्ठे शाळेने सांगितले नव्हते. मग त्याच्या डोक्यात एक युक्ती आली. कागद फेकायचा नाही ही त्याच्या धंद्याची सवयच. कापलेली पानं आकाराने पुठ्ठ्याच्या बरोबरीची होती. त्याने प्रत्येक पुस्तकाची आठ पानं त्याच पुस्तकाच्या कव्हरात घातली. चार पुढच्या पुठ्ठ्यावर, चार मागच्या, खळ लावून एकावर एक. वरून कापड चढवलं आणि दाबाखाली ठेवलं. वाळल्यावर पुठ्ठे असे कडक झाले की बोटाने वाजवले तर टणटण वाजत. सरांनी म्हटल्याप्रमाणे पानं कुणाच्या हातीही लागणार नव्हती. पानं चिकटवताना त्याने एक ओळसुद्धा वाचली नाही. काम करताना वाचायचं नाही, हे त्याला त्याच्या उस्तादाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

शाळेकडून कौतुकाची चिठ्ठी आली. बाइंडरचा जीव भांड्यात पडला.

पुढे महिनाभर बबी काही बोलली नाही. त्याला वाटलं, शहाणी झाली. मग एका रविवारी दुपारी तो कारखान्यात, म्हणजे घराच्याच पुढच्या खोलीत, सुया निवडत बसला होता, तेव्हा ती समोर येऊन उभी राहिली. हातात ती कादंबरी होती, पाठीवर बासष्ट नंबर.

“हे घरी कसं आलं?”

“सरांना सांगितलं, कव्हर सुटलंय, बाबा नीट करून देतील.”

त्याने कव्हर पाहिलं. ते सुटलेलं नव्हतं. त्याच्या हातचं कव्हर सुटणारही नव्हतं. आपली मुलगी खोटं बोलली याहून आपल्या कामाबद्दल खोटं बोलली, हे त्याला जास्त लागलं.

“उघडा ना,” ती म्हणाली.

त्याने पुस्तक टेबलावर ठेवून मोकळं सोडलं. ते आपोआप मधोमध उघडलं, त्या आठ पट्ट्यांपाशी. बबीने बोट टेकवून पट्ट्यांवरून फिरवलं. टरर्र असा आवाज झाला.

“मी वर्गात आले की मागचे बाक हा आवाज काढतात,” ती म्हणाली. “पुस्तक नसलं तर तोंडाने काढतात. मला ‘पट्टी’ म्हणतात.”

बाइंडरने पट्ट्यांवर तळहात ठेवला.

“पट्ट्या नसत्या ठेवल्या तर जोडीची पानं गळली असती, बबी.”

“माहितीय, बाबा.”

“काम चोख व्हावं म्हणून…”

“माहितीय.”

खाली मान घालून तिने राहिलेलंही सांगून टाकलं. आता सातवं प्रकरण ज्याला जसं हवं तसं तो सांगतो. दरवान चार पायांवर चालून दाखवतो, असं एक जण सांगतो. त्याला टेबलाखाली जेवायला घालतात, असं दुसरा. यातलं काहीच पुस्तकात नव्हतं, पण नव्हतं हे दाखवायचं कसं? धाडस करून तिने पुन्हा हात वर केला होता. सर म्हणाले होते, जे पुस्तकात नाही त्यावर माझ्या तासाला चर्चा नाही. तो विषय तुझ्याच म्हणण्यावरून संपवलाय.

आतल्या दारात बबीची आई येऊन उभी होती. तिने ऐकलं असावं, कारण ती ब्याद गेली वगैरे काही म्हणाली नाही.

“मला ती पानं हवीत,” बबी म्हणाली. “पुन्हा बसवून द्या. या एका प्रतीत. मग ती पुस्तकात असतील ना? मग विचारता येईल.”

“शाळेचं पुस्तक आहे ते.”

“हो.”

“कळलं तर नाव काढून टाकतील तुझं.”

“काढू देत.” तिचा आवाज एकदम चिरकला. “असं नुसतं बसून राहण्यापेक्षा काढू देत. बाबा, कुठे टाकलीत ती पानं?”

बाइंडरने पुस्तक मिटलं. ते प्रकरण पुस्तकातून काढण्यासाठी नऊ दिवस खपलेल्या त्याच्यातल्या एवढ्या हुशार कारागिराने ते एकशे चाळीस प्रतींत पुन्हा घालून ठेवलं होतं, हे त्याला आता कुठे दिसलं. मुलं रोज ते हातात धरत होती. त्याला हसू येईल असं वाटलं, पण या खेपेला आलं नाही.

“इथेच आहेत,” तो म्हणाला आणि पुठ्ठ्यावर बोट ठेवलं.

त्याने स्वतःच्या हाताने चढवलेलं कापड स्वतःच्या हाताने उसवलं. बबीच्या आईने न सांगता कोमट पाण्याचं पातेलं आणून ठेवलं. स्पंजाने पुठ्ठा भिजवायचा, खळ मऊ पडू द्यायची, मग सुरीच्या बोथट बाजूने कोपरा सोडवून पान हळूहळू उचलायचं. घाई केली की कागद फाटतो. पहिलं पान निघालं, दुसरं निघालं. आई ती दोरीवर चिमट्यांनी लावत गेली. बाइंडर या वेळी वाचत होता. उस्ताद असता तर ओरडला असता.

लेखकाचा दरवानावर खरंच जीव होता, सर खोटं बोलले नव्हते. पाळलेल्या बैलावर असतो तसा. दरवानाच्या दातांचं कौतुक होतं, त्याच्या घामाच्या वासाचं चेष्टेने केलेलं वर्णन होतं, आणि सगळं इतक्या सुरेख भाषेत की बाइंडरला एकदोन ठिकाणी चक्क आवडलं. मग ते आवडल्याची शिसारी आली.

“कुठल्या वाक्याला हसली पोरं?” त्याने विचारलं.

“कुठल्याच नाही.”

“तू म्हणालीस ना, हसली म्हणून?”

“मी उभी राहिले तेव्हाच हसली,” बबी म्हणाली. “वाचायला सुरुवातही केली नव्हती.”

त्याने स्पंज पिळून पुन्हा पुठ्ठ्यावर टेकवला. समिती दोन महिने भांडली ती कशावर, हे बाइंडरला विचारावंसं वाटलं. विचारायला तिथे कुणी नव्हतं.

पंच्याण्णवावं पान सगळ्यात खाली, थेट जुन्या पुठ्ठ्याला चिकटलेलं होतं. त्याने श्वास रोखून ते सोडवलं, तरी त्या बाजूचा मधला पापुद्रा पुठ्ठ्यालाच राहिला. सुरीने खरवडला तर त्याचा लगदा झाला.

“गेल्या,” तो म्हणाला. “चार-पाच ओळी गेल्या. दुसरी प्रत घरात असती तर उघडली असती, पण…”

“मला येतात त्या.”

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग पातळ कागदाचा एक तुकडा सोललेल्या जागेच्या मापाने कापला, वरून चिकटवला, सुकायला फुंकर घातली. कपाटातून पुस्तकांच्या पाठीवर नंबर घालायचं बारीक निबाचं पेन काढलं. त्याचं अक्षर छापल्यासारखं होतं, त्यासाठी तो ओळखला जायचा.

“सांग.”

बबी हात मागे बांधून उभी राहिली. वर्गात उभी राहिली असेल तशीच.

“‘या लोकांवर निसर्गाची एक मोठी मेहेरबानी आहे,’” ती सांगू लागली. “‘दुःख यांच्या ध्यानात फार काळ राहत नाही.’”

पेन थांबलं. बबीची आई दोरीपाशी चिमटा हातात धरून तशीच उभी होती.

“लिहा ना, बाबा.”

त्याने लिहिलं.

“‘आदल्या दिवशी फटके खाल्लेला दरवान दुसऱ्या दिवशी गुणगुणत फाटक उघडतो. आपल्यासारखी स्मरणशक्ती यांना दिली असती, तर तो निसर्गाचा क्रूरपणा ठरला असता.’ क्रूरपणा ठरला असता, पूर्णविराम. मग ‘पाहुण्यांनी’ पासून खाली छापलेलं आहे.”

त्याने पाहिलं. खाली ‘पाहुण्यांनी’ होतं. वाक्याला वाक्य जुळलं होतं, एक शब्द इकडचा तिकडे नव्हता.

“किती वेळा वाचलं होतंस हे?” त्याने विचारलं.

“एकदाच,” बबी म्हणाली. “त्या दिवशी, वर्गात.”